डायनॅमिक मास्तरचा फ्लेक्स

पौडात उतरून दयानंद वाळंज कुठं राहतात म्हणून विचारलं, तर माणसं नुसती मान हलवतील. ‘डायनॅमिक मास्तर’ म्हणा, मग स्टँडवरचा केळीवालासुद्धा हात लांब करून खत-औषधांच्या दुकानावरचा मजला दाखवतो. वर जुनेपाने कॉम्प्युटर, खालून येणारा फवारणीच्या औषधाचा वास, आणि मधल्या खुर्चीत मांडी घालून बसलेले मास्तर. हिंजवडीच्या कंपन्यांत शिरायचं म्हणून मुळशीतली पोरं इथं प्रोग्रॅमिंग शिकायला येतात. खालचा दुकानदार म्हणायचा, “मास्तरची पोरं वासावरून वळखू येत्यात. दुसरं काय त्यांच्यासंगं जातंय, ते मला ठाव न्हाई.”

डायनॅमिक हे नाव पोरांनीच पाडलेलं, आणि मास्तरांनी ते छातीवर बिल्ल्यासारखं लावून घेतलेलं.

त्याचं असं झालं. मशीनकडून एखादी यादी करून घ्यायची, म्हणजे समजा कारखान्याच्या बसमध्ये कोण कुठल्या थांब्यावर चढतो त्याची यादी, तर आधी मशीनला सांगावं लागतं की प्रवासी म्हणजे काय. त्या प्रकाराला एक नाव द्यायचं, आणि प्रवाशाला स्वतःचं नाव असतं, गाव असतं, थांबा असतो, एवढं एकदा लिहून टाकायचं. मग यादीत तसलेच प्रवासी बसतात. दुसरं काही कोंबायला गेलं तर मशीन लिहितानाच हात धरतं. रीत साधी, पण मुळशीची पोरं पहिल्याच पायरीला ठेचकाळायची. “सर, नाव काय देऊ?” त्यांना वाटायचं, नाव इंग्रजीतच पाहिजे, भारीतलंच पाहिजे. पेन चावत अर्धा तास बसायची. मास्तरांना त्याचा वीट आला. एक दिवस त्यांनी फळ्यावर दोन महिरपी कंस काढले, आत नाव, गाव, थांबा एवढंच लिहिलं आणि खडू फेकून दिला.

“झालं! बिननावाचंच राहू दे. बारसंबिरसं काय करायचं न्हाई. आन यादी कसली, तर डायनॅमिक. ह्यो एक शबूद टाकला की मशीन मुकाट बसतंय. यादीत बैल घाला न्हाईतर बुलडोझर घाला, इचारत न्हाई.”

“पन सर, चुकलं तर?”

“चालवल्यावर कळंल की. लगीन लागल्याबिगर सासू कुनाला कळलीया का?”

पोरं खो खो हसली. त्या दिवसापासून मास्तरांच्या क्लासात नाव द्यायचं बंद झालं. कुठलाही प्रश्न येऊ दे, उत्तर एकच, बिननावाच्या वस्तू करा आणि डायनॅमिक यादीत लोटा. मास्तरांनी स्वतः तरुणपणी पुण्यात एका छोट्या ऑफिसात नोकरी केली होती. तिथं सगळं काम एकाच प्रोजेक्टात, एकाच घरात असल्यासारखं. तिथं ही युक्ती कधी अडली नव्हती. जे आपल्याला अडलं नाही ते जगात कुणाला अडत नसतं, ही मास्तरांची समजूत. पोरांना ते गावाच्या नावानं हाक मारत, “ए माले”, “ए जांबे”, “उठ की कोळवण, झोपलास का?” आणि ज्याला येत नसे त्याचे आई-बाप, शेतीवाडी, बोलणंचालणं सगळं फळ्यावर काढत. बाकीची पोरं हसत. आज आपण हसलो नाही तर उद्या आपली पाळी, हे त्यांना पक्कं माहीत असे.

हसण्यावारी चाललेला हा क्लास अलीकडं मात्र घरंगळत चालला होता. पोरं मुलाखतीला जायची आणि परत यायची. कुणी गाडी चालवायला लागला, कुणी फूड डिलिव्हरीचा टी-शर्ट घातला. स्टँडसमोर क्लासचा फ्लेक्स होता, त्यावर चेहरा एकच, घोटावड्याच्या शुभांगीचा. ती कंपनीत लागली त्याला मोप वर्षं लोटली होती. उन्हानं तिच्या फोटोचे ओठ निळे पडले होते आणि कपाळ पांढरं फटक. मुळशीत फ्लेक्सवर चेहरा नाही तो माणूस जित्यात धरत नाहीत. एसटीतून उतरणारा बाप पोराचा हात धरून आधी वर बघतो. कुणाची पोरं लागली? मग त्या जिन्याची वाट धरतो. समोरच्या बाजूला एसीवाला नवा क्लास निघाला होता, त्याच्या फ्लेक्सवर चेहऱ्यांची नुसती जत्रा.

थोरला भाऊ बहिरू जमीन विकून जांब्याला खोल्या बांधून बसला होता. कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहायची. तो आला की जिन्यातूनच ओरडायचा, “दया, औंदा तरी कुनी लागलं का? न्हाई ना? मग चल जांब्याला. पान्याची मोटार चालू-बंद कराया मानूस लागतोय मला. आन तितं औषदाचा वास बी न्हाई.”

पोरांसमोर बोलायचा. पोरं खाली बघून हसू दाबायची. मास्तरांना त्या मोटारीचा आवाज झोपेत ऐकू यायला लागला. ह्या साली फ्लेक्सला एक ताजा चेहरा मिळाला तर क्लास जगणार. नाही मिळाला तर भावाच्या दारात बटण दाबत बसायचं.

अशात शुभांगीचा फोन आला. कंपनीला जवळपासची पोरं घ्यायची आहेत, मी स्वतः येऊन परीक्षा घेते, म्हणाली. मास्तरांनी फोन ठेवला आणि केळीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले, “चेली येतीया माजी. गुरुदक्षिणा द्यायला.”

त्याच हप्त्यात साहिलचं प्रकरण झालं. साहिल मालेच्या वरच्या वाडीतला. आई लिलाबाई धरणाकाठच्या रिसॉर्टात चादरी-पडदे धुवायची. पोरगं अबोल, पण मोबाईलवर बघून बघून त्यानं नाव देऊन यादी करायची रीत शिकून घेतली होती. सरावाला त्यानं तशीच यादी लिहिली. मास्तर मागं येऊन उभे राहिले.

“हे काय?”

“सर, आधी प्रकार केला. म्हंजी चुकलं तर आधीच कळतंय.”

“आधीच कळतंय!” मास्तर सगळ्या क्लासकडं वळले. “बगा रं, मालेचे शास्त्रज्ञ बगा! आई लोकांच्या चादरीवरचे डाग काडतीया आन ह्यो माज्या शिकवन्यातले डाग काडतोय.”

क्लास हसला. मास्तरांनी साहिलच्या खांद्यावरून हात घातला, खोडायच्या बटणावर बोट ठेवलं आणि तसंच दाबून धरलं. ओळीमागून ओळ नाहीशी होत गेली. पडदा पांढरा होईस्तोवर बोट उचललं नाही. साहिलचे हात मांडीवरच होते.

“आता लिव्ह. मी शिकवलंय तसं. आन परीक्षेला जर शानपना केलास ना, तर हाय तितं आयेच्या शेजारी दुसरा दगड टाकून देतो, बस चादरी आपटत.”

शुभांगी आली ती स्वतःची गाडी चालवत. मास्तरांनी हार आणला होता, तो तिनं हातात घेऊन टेबलावर ठेवला. पाया वगैरे काही पडली नाही.

“सर, खाली माझा फोटो आहे तो उतरवा. मला कधी विचारलं होतं तुम्ही?”

“अगं, तू आमचा अभिमान—”

“पहिल्या नोकरीत मी तुमची डायनॅमिक यादी लिहिली होती. ऐन वेळेला गिऱ्हाइकाकडं सगळं बंद पडलं. अख्खा मजला माझ्याभोवती उभा राहून विचारत होता, कुठल्या गुरुजीकडं शिकलीस? मी तुमचं नाव सांगितलं नाही. उपकार म्हणून नाही हं सर. लाज वाटली म्हणून.”

पोरं ऐकत होती. मास्तरांनी खाकरून पंख्याचा वेग वाढवला.

तिनं बसच्या प्रवाशांची यादी करायला सांगितली. सगळ्यांनी मास्तरांची रीत लिहिली, साहिलनंसुद्धा. यादी झाली, चालवली, नावं-गावं-थांबे पडद्यावर झकास उतरले. मास्तर पुढं होऊन म्हणाले, “बग! बंद पडलं का कुनाचं?”

“नाही पडलं,” शुभांगी म्हणाली. “आता हीच यादी शेजारच्या दुसऱ्या प्रोजेक्टला द्या. तिथं नुसता थांबा वाचायचा. कंपनीत कुणी एकाच घरात संसार करत नाही, सर.”

पोरांनी दिली. एकामागोमाग एक सगळ्यांच्या पडद्यावर लाल ओळ आली. मशीन म्हणत होतं, ह्या वस्तूत ‘थांबा’ नावाचं काहीच नाही.

मास्तरांनी एकाला खुर्चीवरून ढकललं आणि स्वतः बसले. “न्हाई कसं? हितं दिसतंय की! आतमंदी बग, थांबा, भूगाव. डोळं फुटल्यात का मशीनचं?” त्यांनी पुन्हा चालवलं. लाल ओळ. बंद करून चालू केलं. लाल ओळ. कपाळावरचा घाम कळफलकावर पडला. पडद्याच्या एका कोपऱ्यात तोच थांबा सरळ वाचता येत होता, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मशीन म्हणत होतं, नाही.

शुभांगी मुद्दाम थांबली. चांगली पाच-सहा वेळा लाल ओळ येऊ दिली. मग म्हणाली, “बिननावाची वस्तू ज्या प्रोजेक्टात जन्मली, तिचं आतलं तिथल्यापुरतंच उघडं असतं. उंबरठा ओलांडला की तुम्हाला दिसतं, पण मशीनला ते वाचायची मुभा नसते. आणि डायनॅमिक म्हणून तुम्ही मशीनचं तोंड आधीच बांधून ठेवलेलं. लिहिताना ते बिचारं बोलणार कसं? इतकी वर्षं हे शिकवताय, सर, एकदा तरी दुसऱ्या घरात नेऊन बघितलं होतं का?”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. तेच हसणं, जे त्यांनी इतकी वर्षं हातानं पाणी घालून वाढवलं होतं.

तेवढ्यात साहिल म्हणाला, “म्याडम, मी बदलून लिव्हू का?”

त्यानं लिहिलं. प्रकाराला नाव दिलं ‘प्रवासी’, इंग्रजी अक्षरांत, शब्द मात्र आपला. यादी केली, उंबरठ्यापलीकडं दिली. थांबा नीट आला.

“आधी का नाही असं लिहिलंस?”

साहिलनं मास्तरांकडं पाहिलं. “सरांनी खोडलं हुतं. म्हनले, शानपना करायचा न्हाई.”

शुभांगी मास्तरांकडं वळली. “नाव मराठीतही चालतं, एवढं पोरांना एकदा तरी सांगितलं होतं का? एवढ्या एका गोष्टीपायी सगळ्या बॅचची वाट लावलीत.”

जाताना तिनं निकाल सांगितला. एकटा साहिल. कंपनीचं पत्र यायला महिना लागेल. आणि जिन्यात उभं राहून मास्तरांना नीट समजेल असं बोलली, “पत्र येईपर्यंत ह्याचा चेहरा आणि कंपनीचं नाव कुठल्याही फ्लेक्सवर दिसलं, तर ह्याला घेणार नाही. मला तुमची सवय माहीत आहे.” खाली जाऊन तिनं केळीवाल्याकडून सुरी मागितली आणि स्वतःचा फोटो फ्लेक्सवरून कापून घेऊन गेली. मागं चौकोनी भोक राहिलं. त्यातून पलीकडच्या क्लासचा फ्लेक्स दिसायचा.

आता मास्तरांच्या मनाचं काय सांगावं? महिना थांबायचं म्हणजे ॲडमिशनचा हंगाम हातचा गेला. बाप लोक पोरांना घेऊन आत्ता उतरत होते, वर बघत होते, भोक बघत होते आणि समोर जात होते. मास्तर खिडकीतून मोजत नव्हते, पण पाठमोरी माणसं ओळखत होते. चेहरा मिळाला होता, हातात होता, आणि लावायचा नाही! तो चेहरा कुणाचा, तर ज्यानं सगळ्यांसमोर बोट दाखवलं त्याचा. एका बाजूला पोराचं पत्र, दुसऱ्या बाजूला बहिरूची मोटार. मास्तरांनी फार वेळ लावला नाही. पिरंगुटला जाऊन फ्लेक्स छापून आणला. साहिलचा फोटो क्लासच्या फॉर्मवरचा, बुजऱ्या चेहऱ्याचा, मागं काचेच्या इमारती, वर तीन वेळा अभिनंदन आणि खाली कंपनीचं नाव लाल अक्षरांत. भोकावर नेमका साहिल बसला.

फ्लेक्स लागला आणि जिना वाजायला लागला.

साहिल धावत आला. “सर, उतरवा. हात जोडतो. म्याडमनी सांगितलंय तुमाला.”

“उतरवतो की. हंगाम सरू दे.”

“पत्र याचंय अजून, सर.”

“येतंय. कंपनीवाली मान्सं काय पौडात केळी घ्याया येत्यात व्हय रं?”

माणसं येत नसतील, पण फोटो जातात. कुणीतरी मोबाईलवर काढला, कुणाच्या ग्रुपात पडला. साहिल समोर उभा असतानाच मास्तरांचा फोन वाजला. शुभांगी. आवाज एवढा चढा की साहिललाही ऐकू येत होता.

“मी काय सांगितलं होतं, सर?”

मास्तरांनी साहिलकडं बघितलं. डोळ्याला डोळा देऊन बघितलं, आणि फोनमध्ये म्हणाले, “अगं, मी कशाला लावतोय? पोरगंच लई उतावीळ. त्यानं आन त्याच्या दोस्तांनी लावलाय. मी म्हनलं बी, आरं थांब. पर हवा गेली डोस्क्यात. वाडीची पोरं ती, पैल्यांदाच बगत्यात काय तरी.”

साहिलनं फोनकडं हात टाकला. “म्याडम, मी न्हाई! म्याडम—”

मास्तरांनी फोन बंद केला आणि खिशात घातला.

“सर, तुमी खोटं बोलला.”

“बोललो. तू त्या दिशी खरं बोललास, तवा मला कुटं इचारलं हुतंस?”

साहिलनं शुभांगीला पुन्हापुन्हा फोन लावला. तिनं उचलला नाही. तिला तरी काय, फ्लेक्सवर चेहरा लागायला मुळशीतली पोरं किती आसुसलेली असतात हे ती जाणून होती, त्यामुळं मास्तरांच्या बोलण्यावर तिचा लगेच विश्वास बसला. कंपनीचं पत्र आलं ते दोन ओळींचं, खेद वाटतो म्हणून.

साहिलनं घरी सांगितलं नाही. घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला, माल चढवायला-उतरवायला. कारखान्याची गाडी पौडच्या स्टँडवर थांबते, बरोबर त्या फ्लेक्सखाली. रोज सकाळी गळ्यात ठेकेदाराचं ओळखपत्र अडकवून तो स्वतःच्या तोंडाखाली उभा राहायचा, आणि गाडीतली माणसं खिडकीतून मान काढायची.

“ओ विंजिनेर! वरचा म्होटा भाऊ का तुमचा?”

“आरं, त्याला सलाम कर की, सायेब हाय त्यो.”

“वरच्याला पगार किती, खालच्याला किती?”

साहिल चढून बसायचा आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघायचा. मास्तर वरून हे बघत. सुरुवातीला पडदा ओढून घेत. मग चहा पीत बघायला लागले. क्लास भरला होता. नवी पोरं जुन्या कॉम्प्युटरांवर दाटीवाटीनं बसून बिननावाच्या वस्तू करत होती आणि डायनॅमिक यादीत लोटत होती. उंबरठ्याचं आता मास्तरांना ठाऊक झालं होतं. शिकवताना दुसऱ्या प्रोजेक्टाचा विषय ते काढत नसत, एवढाच फरक. बहिरू एकदा येऊन गेला, भरलेली खोली बघून जिन्यातूनच परतला. मास्तरांनी त्याला मागून हाक मारली, “दादा, मोटारीला मानूस गावला का रं?” आणि पोटभर हसून घेतलं.

मग एक दिवस लिलाबाई आली. रिसॉर्टातून सुट्टी घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत अळूची पानं. हातांची बोटं सोड्यानं पांढरी पडून चिरलेली. जिना चढून वर यायचं धाडस झालं नाही, म्हणून खालीच थांबून निरोप धाडला. मास्तर उतरले. त्यांना वाटलं, शिव्या द्यायला आली असेल. त्यांनी मनात उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती.

लिलाबाईनं खाली वाकून पाय धरले.

“मास्तर, लई उपकार झालं. पोरगं कंपनीत जातंय. गळ्यात पट्टा घालून जातंय. मी म्हनलं, एकदा तरी मास्तरला भेटून येवं.”

एवढं कळायला मास्तरांना क्षणही लागला नाही की पोरानं आईला काय सांगितलंय आणि काय सांगितलेलं नाही.

“दमून येतंय पर,” ती म्हणाली. “पाठ लई दुखती म्हनतंय. कॉम्पुटरवर बसून बसून दुखत आसंल, न्हाई?”

“व्हय. दुखती. बसायचं काम ना त्ये.”

“मी तेल लावून देती. झोपल्यावर बी हात वळत्यात त्याचं. काय तरी उचलतंय सपनात.”

“नवं नवं हाय. हुईल सवय.”

तिनं वर फ्लेक्सकडं बघितलं. पदर सावरला. बराच वेळ तोंड वर करूनच उभी होती. तिच्या पायाशी कुणीतरी टाकलेल्या केळीच्या साली होत्या, त्यावर तिचं लक्ष नव्हतं.

“मास्तर, एक मागू का? रागावू नगा.”

“बोला की, लिलाबाई.”

“ह्यो कागूद तुमी उतरवाल ना, तवा मला द्या. लोकं म्हनत्यात, लाकडं झाकाया बेस पडतोय. पर मी लाकडावर न्हाई घालायची. भितीला लावीन. त्याच्या बापाचा एक बी फोटू न्हाई आमच्यात. पोराचा तरी र्‍हाऊ दे.”

मास्तरांनी अळूची पिशवी हातात घेतली. वर वर्गात पोरं त्यांची वाट बघत होती, कुणीतरी मोठ्यानं त्यांचीच नक्कल करत होतं आणि बाकीची हसत होती.

“आत्ताच कुटं, लिलाबाई,” ते म्हणाले. “अजून दोन साल तरी न्हाई उतरायचा.”

“व्हय, व्हय,” ती घाईघाईनं म्हणाली. “असू द्या मंग. दिसतंय तवर दिसू द्या लोकास्नी.”